तिच्या वाट्याचा रेग्युलेटर

"हा माझ्या तोंडात राहील," म्हणत नवऱ्याने डायव्हिंगच्या दुकानातला सगळ्यात महाग रेग्युलेटर, पाण्याखाली सिलिंडरमधली हवा ओढायचं तोंडातलं यंत्र, उचलला. त्याच सिलिंडरला जोडायचा दुसरा त्याने सगळ्यात स्वस्तातला निवडला.

बायको शेजारीच उभी होती. पाण्याखाली ती त्याची जोडीदार. मागच्या महिन्यात वीस मीटर खोल तिच्या सिलिंडरमधली हवा संपत आली होती. कशीबशी वर आली, पण तेव्हापासून पाण्यात उतरायचं म्हटलं की ती चार-चारदा हवेचा काटा तपासून बघे. पुन्हा तसं झालं, तर नवऱ्याच्याच सिलिंडरवर तिचा जीव.

"अहो दादा," दुकानदार बाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "एक तोंडात असतो, दुसरा जोडीदाराच्या अडीअडचणीला. आणि या स्वस्तातल्यातून खोल पाण्यात श्वास ओढायला जड जातं."

"माहितीये. पण दोन्ही भारी घ्यायची ऐपत नाही."

"मग दोन्ही मधले घ्या की."

"नको. एक चांगला हवाच."

बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. नवऱ्याचे दिसायला वीस वर्षं आणि एक दुकान लागलं, असं बायकोला वाटलं. तिला फार वाईट वाटलं.

नवऱ्याची फर्माईश संपेना. महागड्याला लांब नळी, स्वस्ताला आखूड. महागड्याचं दातात धरायचं रबर लहान मापाचं.

"तुमचा जबडा रुंद आहे, दुखेल," बाई म्हणाल्या.

"दुखू दे."

पदरमोड करून जबडा दुखवून घेणारं हे पहिलंच गिऱ्हाईक. बाईंनी रबर बदललं.

बाहेर आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "जीव सगळ्यांनाच प्यारा असतो."

"असतोच," तो म्हणाला. "रविवारी तलावात सराव करू."

हा एक सराव, मग पाण्याखालचा दुसरा जोडीदार शोधायचा, तिने मनाशी ठरवून टाकलं.

रविवारी तलावाच्या तळाशी ती त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. ठरल्याप्रमाणे तिने आपला रेग्युलेटर तोंडातून काढला आणि गळ्यावरून आडवा हात फिरवला: हवा संपली. तिने त्याच्या गळ्याशी अडकवलेल्या स्वस्तातल्या रेग्युलेटरकडे हात नेला.

त्याने तो हात बाजूला सारला, आपल्या तोंडातला रेग्युलेटर काढून तिच्या तोंडात दिला, त्याचं लहान रबर तिच्या दातांत नेमकं बसलं, आणि स्वस्तातल्यातून तो स्वतः श्वास ओढू लागला.