काटा

दूध अंगावरचं, पण बाळाच्या अंगी काही लागेना. आता तर त्याच्यात रडायचंही त्राण उरलं नव्हतं. "वजन फारच कमी भरतंय, आजच दाखल करा," असं नर्सबाईंनी बजावलं, तशी त्याची आई त्याला उराशी धरून सासऱ्यांच्या किराणा दुकानात धावत आली.

सासऱ्यांनी नातवाला धान्याच्या काट्यावर ठेवलं. आकडा दवाखान्यापेक्षा चांगला अर्धा किलो जास्त आला.

"हे बघ! त्यांचाच काटा खोटा. आपल्याकडे कधी कुणी काटा मारलेला नाही," ते गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाले.

"मी म्हणतच होते, हिला घाबरायची हौसच भारी," सासूबाईंनी री ओढली.

तिनं बाळाच्या काडीसारख्या पायांकडे पाहिलं. "बाबा, तुमच्या एका शब्दावर याला घरी नेते. आपला काटा खरा आहे ना?"

रांगेतलं एक गिऱ्हाईक हसलं. "अहो वहिनी, आम्ही इथून डोळे मिटून माल नेतो!"



सासऱ्यांनी बाळाला काट्यावरून अलगद उचललं आणि सगळ्या गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, "दाखल कर, पोरी."