सामाईक खातेदार

“आक्का, एक सही पाहिजे होती,” रंगनाथ दारातूनच म्हणाला. नऊ वर्षांनी बहिणीच्या घरी आलेला माणूस, पण ‘कशी आहेस’ विचारायचीही फुरसत नव्हती त्याला.

“आधी आत तर ये,” कुसुम म्हणाली.

वडील गेले तेव्हा हक्कसोडपत्रावर सही करायला तिने नकार दिला होता. सिन्नरकडच्या तीन एकरांवर दोघांचीही नावं लागली आणि रंगनाथने ओझरची, बहिणीच्या घरची वाट सोडली. पुढे दोन भाऊबीजा कुसुम ओवाळणीचं ताट तयार ठेवून बसली. जमीन राहिली, भाऊ गेला, याची टोचणी मात्र तिला कायम होती.

रंगनाथने कांद्याची पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि खिशातून कागद काढला. अतिवृष्टीची सरकारी मदत. जमीन सामाईक, म्हणून पैसे एकाच्या खात्यावर घ्यायचे तर दुसऱ्याचं संमतीपत्र लागतं.

“लय नुकसान झालं का रे?” कुसुमने विचारलं.

“तर काय! वाफ्यात गुडघाभर पाणी. काय राह्यलं नाय.” तो फरशीकडे बघत होता.

“अगं बाई!” म्हणत तिने त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

कुसुमची मुलगी तेजल सेतू केंद्रात कामाला होती. असले कागद ती दिवसाला पन्नास बघायची. “मामा, बघू जरा,” म्हणत तिने हात पुढे केला, तोवर कुसुमने न वाचताच सही ठोकलीसुद्धा. तेजलचा जळफळाट झाला. माणसानं भोळं असावं, पण किती?

मग रंगनाथ पोटभर जेवला. विहिरीत पडलेली शेळी काढायला गेलेले वडील स्वतःच कसे आत पडले, ते दोघांनी एकमेकांना पुन्हा सांगितलं आणि हसता हसता डोळे पुसले. निघताना तो बहिणीच्या पाया पडला.

“लय उपकार झाले, आक्का.”

“उपकार कसले? तू आलास, मला सगळं मिळालं.”

“पुढच्या महिन्यात आणखी एक सही लागंल बहुतेक.”

“लागू दे. ये.”

त्याची जीप दिसेनाशी होईपर्यंत कुसुम फाटकात उभी होती. घरात आली ती फुललेल्या चेहऱ्यानंच. तेजलला ते बघवेना.

“पैसे दिसले म्हणून आले मामा. एरवी फिरकले असते का? थांब, किती मिळणार ते बघतेच.” तिने फोनवर मदतीची यादी उघडली. वरून खाली पाहिली, मग खालून वर. तिचा आवाज एकदम उतरला.

“आई, मामाच्या गावाचं नावच नाही यादीत. तिथं नुकसानच झालेलं नाही. एक रुपयाही यायचा नाही त्यांना. कागद तर संमतीपत्राचाच होता, मी पाहिला. मग सही कशाला मागितली?”

“मला माहीत नव्हतं का?” कुसुम कप विसळत म्हणाली. “यादी लागली त्याच दिवशी मी शोधलं होतं आमचं गाव.”