अंगठ्याला लागता कामा नये

निखारा पडला तो नेमका खिशाच्या वर, छातीवर. अनिताने इस्त्री झटकन उचलली, पण तोवर पांढऱ्या शर्टाला चिंचोक्याएवढं भोक पडलं होतं.

वरसे गावात लाइट सकाळपासून गेलेली, म्हणून शेजारच्या विमलबाईंची कोळशाची इस्त्री आणली होती. तिचा नवरा जितेश दाढी करायला रोह्यात गेला होता. येऊन अंघोळ करायची, हा शर्ट घालायचा आणि नागोठण्याची एसटी धरायची. कंपनीचं मुलाखतीचं बोलावणं आलं होतं, कितीतरी अर्जांनंतर पहिलंच. दुसरा शर्ट होता, पण त्याच्यावर फुलं होती.

तिचे सासरे दत्तात्रेय पडवीत वाल सोलत बसले होते. वास तिथवर गेलाच.

"काय जाळलंस गो?"

तिने शर्टच पुढे केला.

म्हाताऱ्याने भोकात करंगळी घालून पाहिली. "एवढंच ना? फळीवरची माझी गुंडाळी आण."

गुंडाळी हिरव्या लुगड्याच्या तुकड्याची होती. सासूबाई गेल्या, लुगडी विरली, पण हा तुकडा म्हाताऱ्याने कुणाला दिला नव्हता. आत सुया होत्या.

"मामा, तुम्हाला शिवता येतं?"

"पावसाळा सोडला तर मी पेणच्या मिठागरात. तिथं बायको नाय, शिंपी नाय, आन् खाऱ्या पाण्यानं सदरा अंगावर विरायचा. मग काय, नागडा फिरू?"

अनिताला अशातही हसू आलं.

"आता डोळं ऱ्हायलं नाय. हात तुझं, तोंड माझं. ओव सुई."

दुसरं कापड लावायचं नाही, म्हणाले. पांढऱ्यातही शंभर पांढरे असतात. ठिगळ शर्टाच्या शेपटीतूनच कापायचं, दोराही तिथूनच उसवून काढायचा. उभा धागा उभ्याला, आडवा आडव्याला जुळवून आतून लावायचं. अनिताने लावलं. म्हाताऱ्याने डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. ठिगळाशी तो थांबला.

"अंगठ्याला लागतंय. उसव."

"मामा, ते येतील आता."

"आला तर उघडा बसंल. उसव."

तिने उसवलं, पुन्हा टाके घातले. बारीक, आणखी बारीक. या खेपेला अंगठा खिशावरून निघाला तो सरळ बटणापर्यंत गेला.

"कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

तिने त्यांचं बोट धरून ठिगळावर ठेवलं.

"आणि शेपटीतल्या भोकाचं काय?"

"तिथं काय पण लाव. ते पँटीत जातं." मग त्यांनी गुंडाळीचा मोकळा पदर तिच्याकडे सरकवला. "ह्यातलाच काप."

"मामा, हे सासूबाईंचं..."

"म्हणून तर. ती काय पोराला एकटं जाऊ देत होती?"

इस्त्रीला पुन्हा हात लावायचा नाही, असंही बजावलं. तांब्यात उकळतं पाणी भरून तिने तो शर्टावर फिरवला.

जितेश आला, अंघोळ करून तयार झाला. आरशात वळून वळून पाहिलं. "इस्त्री बरी जमली गो तुला."

म्हाताऱ्याने वालांतून मान वर काढली नाही. "शर्ट नीट खोच. बाहेर येऊ देऊ नको."

तो पाया पडला आणि निघाला.

वळणावर तो दिसेनासा झाल्यावर अनिताने गुंडाळी उलगडली. तिचा एक कोपरा आता नव्हता. दारातल्या उजेडात बसून ती एकेक सुई ओवू लागली. बारीक, जाड, वाकडी; एकीत पांढरा दोरा, एकीत काळा, चांगला हातभर. म्हाताऱ्याला पुन्हा कुणाला हाक मारायला नको. गोणपाट शिवायच्या दाभणातसुद्धा तिने सुतळी ओवली.