वरची कोथिंबीर

जर्मनीत शिकणारी दीपमाला तिथल्या दुकानातून व्हिडिओ कॉलवर रडकुंडीला आली होती. "आई, महिन्याचे पैसे पुरतच नाहीत गं. ही एवढीशी कोथिंबीर दीडशे रुपयांना!"

इकडं द्वारका चौकात भाजी विकत बसलेल्या लंकाबाईनं त्या चार काड्या निरखल्या. "लुटतो का काय मेला! ठेव खाली अन् चालायला लाग. मागनं हाक मारतोय बघ."

"इथं माणूसच नाहीये आई. मशीनवर पैसे भरायचे."

"मग राहू दे. कोथिंबिरीवाचून काय अडलंय?"

तेवढ्यात समोरच्या गिऱ्हाईक बाईंनी पिशवी पुढं केली. "मावशी, अर्धा किलो वांगी घेतली ना? मग वर थोडी कोथिंबीर टाका की. तिचे कसले पैसे?"

लंकाबाईनं फोन त्यांच्याकडं फिरवला. "दीपे, सांग गं ताईंना भाव."