खालून येणारी लाथ

रीताबाईच्या डाव्या हातावर चार वळ होते, उजव्यावर दोन, आणि नडगीवर एक जुना, पिवळा पडत आलेला. रुपाने विचारायच्या आधी मोजून घेतले.

"न्हाणीत पडली मी," रीताबाई म्हणाल्या आणि बाह्या खाली ओढल्या.

पडणारा माणूस तळहात टेकतो. हे वळ मनगट ते कोपर, बाहेरच्या अंगाला होते. मार अडवायला हात पुढे धरला की तिथेच उठतात. रुपा तीन वर्षांपासून पवनीत तायक्वांदो शिकवत होती. तिच्याही हातांवर असे वळ असायचे.

बायकांच्या सकाळच्या बॅचला रीताबाई येऊ लागून आठवडाच झाला होता. त्यांची तेरा वर्षांची गुंजन मात्र दोन वर्षांपासून मुलांच्या संध्याकाळच्या बॅचमध्ये होती, आणि सगळ्यांत तयार होती.

"मॅडम, बाकीचं राहू द्या," रीताबाई हळूच म्हणाल्या. "खालून लात आली तं कशी अडवाची, तेवढंच शिकवा."

"कोण मारतं?"

रीताबाईंनी दाराकडे पाहिलं. "गुंजनले सांगजा नोको मी इथं येते म्हून. तुमच्या पाया पडते."

लेकरू बापासमोर बोलून जाईल, ही भीती असणार. रुपाने मान डोलावली आणि त्यांना खालचा ब्लॉक शिकवला. शिकवताना तिने पाय नुसता उचलला, तरी रीताबाईंचे डोळे मिटले.

संध्याकाळी क्लासच्या सभागृहात पोरांचा गलका होता. लहानग्या मोनूने पॅडवर लाथ मारली आणि मग तो ओरडला.

"मोनू, हे काय? मार खाल्ल्यावर ओरडतात तसं नको. किहाप म्हणजे आपली आरोळी. आधी आवाज, मग लाथ."

"मॅडम, पॅडनंच मारलं त्याले!" मागून कोणीतरी म्हणालं. सगळे खिदळले.

गुंजन हसली नाही. ती पुढे आली, वाकून नमस्कार केला, आणि तिच्या लाथेने रुपाच्या हातातला पॅड खांद्यापर्यंत उडाला.

"आई येते का व मॅडम तुमच्या बॅचले?" तिने श्वासही न लागता विचारलं.

"नाही," रुपा म्हणाली.

तेवढ्यात भैय्यालाल दारात उभा दिसला. गुंजनचा बाप राईस मिलमध्ये पोती उचलायचा. दार त्याच्या खांद्यांनी भरून जायचं. तो कधी आत यायचा नाही, कोणाशी बोलायचा नाही. "चल," एवढंच म्हणाला. गुंजन गाडीवर मागे बसली.

मोनूची आजी तुळसाबाई मुद्दाम रेंगाळली होती. तिचं आणि भैय्यालालचं घर भिंतीला भिंत.

"सांगू का नोको, काही समजत नाही," ती म्हणाली. "सांज झाली का त्याच्या घरून पोरीचं ओरडणं आयकू येते. मंग धपकन. मंग परत ओरडणं."

"आणि कोणी काही बोलत नाही?"

"भैय्यालालच्या तोंडी कोण लागल, बाप्पा? मागच्या साली मिलमंधी एकाचे दोन दात पाडले त्यानं."

पोलिसांत जायचं तर पुरावा हवा. नुसत्या संशयावर पोलीस येऊन गेले, तर त्यांच्या पाठीमागे त्या दोघींचं काय होईल, हा विचार तिला करवेना.

दुसऱ्या दिवशी रविवार. क्लास नव्हता. सहा वाजता ती तुळसाबाईच्या सैपाकघरात, मधल्या भिंतीशी मोबाइल टेकवून, रेकॉर्डिंग सुरू करून बसली. येताना तिने पाहिलं होतं, भैय्यालालची गाडी दारातच होती. समोरच्या चहावर साय धरली.

सहा चाळीसला पलीकडे बाईचा दबका आवाज आला. काही तरी समजावत असावी. मग एक भांडं पडलं. मग किंचाळी आणि धपका. पुन्हा किंचाळी, पुन्हा धपका. भिंतीतून सगळं एकमेकांत कालवून येत होतं.

"आयकलं?" तुळसाबाईने पदर तोंडावर धरला.

वीस जणांना न घाबरायला शिकवणाऱ्या रुपाला उठता येईना. भिंतीचा आधार घेत ती उभी राहिली, बाहेर आली आणि शेजारचं दार ठोठावलं.

बऱ्याच वेळाने भैय्यालालने ते अर्धं उघडलं. अंगात बनियन, तोंड घामाने भिजलेलं.

"काय पायजे मॅडम?"

"गुंजन... गुंजन कुठे आहे?"

"आत."

"मला तिला भेटायचंय."

तो बाहेर आला आणि दार मागे ओढून घेतलं. त्याचे डोळे लाल होते. एवढ्या जवळ तो आणखीच मोठा दिसत होता.

"जा तुमी," तो म्हणाला. "शिकवली तं तुमीच ना? आता घरचं घरी पाहू द्या."

रुपा मागे वळली. ती गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेली आणि तिथून पळत सुटली.

सभागृहाचं दार तिने आतून लावून घेतलं. कॉलेजात ध्वनीचे प्रयोग करायची तसं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर उघडलं. तक्रारीत आकडा नेमका हवा होता: किती वार, किती वेळात. तिने पडद्यावरच्या लाटा ताणल्या, वेग दहापट कमी केला, कानाला हेडफोन लावले आणि वहीत लिहायला घेतलं. पहिला वार लिहून झाल्यावर तिने तो पुन्हा ऐकला. मग बाकीचे ऐकले, आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून मोजले.

वार पाच. पाचही वेळा आधी गुंजनचा आवाज, मग धपका, मग रीताबाईंचं कण्हणं. किहाप सुटल्यापासून धपक्यापर्यंतचं अंतर, पाचही वेळा, एक दशांश सेकंद.