मर्द हाय का

"ही शाल स्वातंत्र्यसैनिकांची आहे, आबा. तुम्ही सैनिक होता. तेही इंग्रजांचे," हेडमास्तर म्हणाले आणि भिमाआबांचं डोकं सणकलं.

दर पंधरा ऑगस्टला सणसरच्या शाळेत शाल-नारळ मिळायचा तो रामभाऊंना. का, तर बेचाळीस साली त्यांनी तारा तोडल्या आणि सहा महिने येरवड्यात काढले. आबांनी पाच वर्षं बंदूक वाहिली, ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले, पण त्यांना साधं पुढच्या रांगेत कुणी बसवलं नाही. इंग्रजांची चाकरी म्हणे! अहो, गावाबाहेरच्या आळीतल्या पोराला तेव्हा पायात बूट दुसरं कोण घालायला देणार होतं?

पण आबा शाल मागून आले त्यानंतर पंधरा दिवसांत रामभाऊ वारले. साल सत्त्याण्णव, स्वातंत्र्याला पन्नास वर्षं पुरी होणार, मोठा समारंभ ठरलेला, आणि खुर्ची रिकामी. आता हेडमास्तर स्वतः घरी आले. महायुद्धानंतर गोऱ्यांची साम्राज्यं कशी कोसळली ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय, पोरांना दहा मिनिटं सांगा, म्हणाले. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं आबा त्यांच्या तोंडावर बोलले. त्यात गाढव आपण ठरतो, हे त्यांच्या जरा उशिरा ध्यानात आलं. तरी हो म्हणाले. इतक्या वर्षांनी मान मिळत होता, तो सोडतंय कोण?

पंधरा ऑगस्टला सकाळीच आबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार. धाकटी लेक करुणा बारामतीच्या कॉलेजात इतिहास शिकवायची, ती मुद्दाम आली होती. भाषण आधी मला म्हणून दाखवा, म्हणाली. घरात आबा लढाईचा चकार शब्द बोलत नसत. ते सगळं पारावरच्या गड्यांसाठी.

आबांनी सुरुवात केली. जपान शरण आला, वाटलं, चला, सुटलो. कसलं काय! त्यांच्या पलटणीला बोटीत घालून आजच्या इंडोनेशियात, जावा बेटावर नेलं, सुराबाया शहरात. तो मुलूख आधी डचांचा. मधे जपान्यांनी घेतलेला. आता तो पुन्हा डचांच्या घशात घालायचा, आणि त्यासाठी मरायचं कुणी, तर सणसर-इंदापूरच्या पोरांनी. तिथं एका पुलावर एक पोरगा आडवा आला. सोळा-सतरा वर्षांचा. हातात नुसता टोक काढलेला बांबू.

"आमच्याकडं बघून वरडत हुता, मर्देका, मर्देका! आमच्यातला इंदापूरचा गडी म्हणला, आयला, ह्येला मराठी येतंय की. मर्द हाय का, इचारतोय. मग काय, दावला मर्द. घातली गोळी."

इथं लोक हसतात, म्हणून आबा थांबले. पन्नास वर्षं पारावर सगळे हसत आले होते.

करुणा हसली नाही. गप्प बसावं, असं तिला एकदा वाटलं. आजचा दिवस जाऊ द्यावा. पण शाळेत आबा हे तीनशे पोरांपुढं बोलले, की तीनशे पोरं हसणार. तिला स्वतःचाच संताप आला. जगाचा इतिहास शिकवला, बापाला कधी विचारलं नाही.

"आबा, तो मराठी बोलत नव्हता. मर्देका म्हणजे त्यांच्या भाषेत स्वातंत्र्य."

आबांनी परत विचारलं. तिनं परत सांगितलं. ते ओट्यावर बसले. आधी तिच्यावरच खेकसले. मग इंदापूरच्या गड्याला शिव्या घातल्या, तो केव्हाच मेला होता. मग गोऱ्या साहेबाला, त्यानं कुणाला काही सांगितलं नव्हतं. मग रागवायला कुणी उरलं नाही.

तेवढ्यात हेडमास्तर जीप घेऊन दारात आले. लोक खोळंबलेत, चला, म्हणाले. वर खुशीत सांगितलं, की आता वादच नको, मानपत्रावर सरळ स्वातंत्र्यसैनिक असंच छापून घेतलंय.

आबा जागचे उठले नाहीत.

"मास्तर, तुमी न्हाय म्हणत हुता, त्येच बराबर हुतं. लढाईत मला स्वातंत्र्यसैनिक एकच भेटला. त्येला मी मारला."