सव्वासहा पौंड

"शिक्का तुटला तर पोलीस केस होईल, आजी. आत्ताच सांगून ठेवतो," चंद्रकुमार म्हणाला.

चंद्रकुमार नागपूरच्या वारसा जतन समितीचा माणूस. त्याच्या पाठीशी गावातलं जुनं दगडी चर्च, चर्चच्या दाराला साखळी, साखळीला कुलूप आणि कुलपावर लाखेचा शिक्का. समोर कलाबाई कमरेवर हात ठेवून उभी. तिच्यामागे तिची सून राखी, आणि राखीच्या कुशीत दोन महिन्यांची पोर. पोरीला अजून नाव नव्हतं.

नाव नव्हतं, कारण तोल झाला नव्हता. पवनीकडच्या या गावात लेकराचा तोल चर्चमध्ये होतो, मगच त्याच्या कानात नाव सांगतात. कधी काळी मिशनच्या नर्सबाईने आतल्या तुळईला काटा टांगला आणि गावची लेकरं तोलायला घेतली. बाई गेली, मिशन गेलं, शेवटचं ख्रिस्ती घरही शहरात गेलं. काटा राहिला. तोल झाला की आई आपल्या हाताने भिंतीवर नाव आणि पौंड लिहिते. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी काजळाचे अंगठे उठवले. गाव सगळं धानवाल्यांचं, घरोघरी मारुती नि महादेव. पण चर्चच्या भिंतीवर ज्याचं नाव नाही असा इथे जन्मलेला एक माणूस दाखवा बरं!

राखीची पोर जन्मली ती दीड किलोची. भंडाऱ्याच्या दवाखान्यात कितीतरी दिवस काचेच्या पेटीत होती. बघायला येणारे हळहळून जायचे. एक मावशी तर तोंडावर म्हणाली, नावाची घाई नको करू. राखी तेव्हाही आणि घरी आल्यावरही दर दोन तासांनी पोरीला पाजत राहिली, बस. आज सकाळी मात्र तिने पोरीला नवं झबलं घातलं आणि सासूच्या पुढे चालू लागली. आणि येऊन बघते तर हे कुलूप.

"वजनच करायचंय ना? अंगणवाडीत करा," चंद्रकुमार म्हणाला.

"अंगणवाडीत वजन होते जी, नाव नाई लागत," कलाबाई म्हणाली. "तुमी कुलूप काहून लावलं ते सांगा."

"भिंतीची पार वाट लावलीत म्हणून. ऐतिहासिक वास्तू आहे ही! उद्या मजूर येतील. लिहिलेलं सगळं खरडून काढतील आणि चुना मारतील. मग वर्षातून दोनदा उघडू. लांबून बघायचं, हात लावायचा नाही."

राखीने पोरीला छातीशी आवळलं. आज नाही लिहिलं तर उद्या लिहायला भिंतच उरणार नव्हती.

"भय्याजी!" कलाबाईने हाक मारली. भय्याजी गावचा वाढई, म्हणजे सुतार, समोरच्याच घरात राहतो. "हे दार कोनं बसवलं होतं?"

"माह्या आज्यानं."

"मंग उघड ना बाप्पा. पन साहेबाच्या शिक्क्याले हात नोको लावू. थो म्हाग दिसते."

दाराला बिजागऱ्या नव्हत्याच. जुन्या घरांची दारं असतात तसं ते खालच्या दगडातल्या खळग्यात खुंटीवर फिरणारं. भय्याजीने एका कवाडाखाली पहार सरकवली आणि खांदा लावला. कवाड वर उचललं गेलं, खुंटी सुटली आणि माणूस जाईल एवढी फट झाली. साखळी जागेवर, कुलूप जागेवर, लाखेला टवकासुद्धा नाही. चंद्रकुमार आधी शिक्क्याकडे बघत राहिला, मग मोबाईल काढून त्यांच्यामागोमाग आत धावला.

आत कलाबाईने काट्यावरची धूळ पदराने पुसली. पोर पारड्यात ठेवली. दुसऱ्या पारड्यात भय्याजी एकेक वजन टाकत गेला. पोर रडली नाही, पाय झाडत राहिली. काटा थांबला.

"सव्वासहा पौंड!" भय्याजी ओरडला, आणि कलाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं.

राखीने पोर सासूकडे दिली आणि पेन्सिल घेऊन भिंतीशी गेली.

"लिहू नका! फोटो काढतोय मी. वारसा आहे हा, गुन्हा लागेल!"

राखी थांबली. सकाळपासून ती पहिल्यांदा बोलली. "साहेब, वारसा कायले म्हनतात?"

"शंभर वर्षांहून जुनं असतं त्याला. तोच नियम आहे."

तिने अगदी वरच्या ओळीवर बोट ठेवलं. गोदावरी, सात पौंड, १९२१. शेजारी कोण्या आईचा काजळाचा अंगठा. चंद्रकुमार जवळ आला. त्याने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

"हे... हे कोणी सांगितलंच नाही आम्हाला," तो हळूच म्हणाला. "हे जपलं पाहिजे. वरच्या या आठ-दहा ओळी आपण राहू देऊ."

"आन बाकीच्या? माह्या सासूची? माह्या नवऱ्याची?"

"त्यांना कुठे झाली शंभर वर्षं? त्या नियमात बसत नाहीत, ताई. त्या पुसाव्या लागतील."

राखी भिंतीकडे वळली. सगळ्यात खालच्या ओळीखाली तिने ठसठशीत अक्षरात लिहिलं. उर्वशी, सव्वासहा पौंड. खाली आजची तारीख घातली. मग पोर कुशीत घेतली, तिच्या कानाशी तोंड नेऊन ते नाव सांगितलं आणि चंद्रकुमारच्या पुढ्यात, भिंत पाठीशी धरून उभी राहिली.

"आता माह्या पोरीले शंभर वर्सं झाली का येजा, साहेब," ती म्हणाली. "तवा पुसता का जपता, थे तिलेच इचारजा."